दुसरे ‘पोले’

वाचकहो, परमुलखातील एका बंदरावर एका शब्दाने एका भावाचे काळीज कसे विदीर्ण केले, ती हकीकत येथे सविनय निवेदन करतो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तुळाजी जहाजातील मालाची क्रेन चालवीत असे. जहाजाच्या तळाशी गोण्या रचणारा त्याचा धाकटा बंधू वासू त्याला वरून दिसत नसे. म्हणून काठावरचा मुकादम हमीसी “पोले पोले” असे ओरडे. त्या भाषेत ‘पोले’ दोनदा म्हटले की ‘सावकाश’. एकदाच म्हटले, तर ते सांत्वन.

“दादा, गोगलगाय तुझ्याआधी पोहोचेल!” वासू खालून चिडवी.

त्या दुपारी साखळी तुटली. भार तळाशी कोसळला. तुळाजी हाका मारीत राहिला. खालून थट्टा उमटली नाही.

तळात उतरलेला हमीसी शिडीने क्रेनवर चढून आला. डोक्यावरचे हेल्मेट त्याने हातात घेतले होते.

“पोले,” तो म्हणाला.

“सावकाशच सोडत होतो रे मी!” तुळाजी म्हणाला, आणि त्याच्या ओठांवर नजर खिळवून दुसऱ्या ‘पोले’ची वाट पाहत राहिला.

ही कथा वाचल्याबद्दल आपला ऋणी,
गजानन धोंडू पेडणेकर