घड्याळाचा सेल

"दुकानात कशाला जायचं? व्हिडिओ बघितलाय मी!" म्हणत बाळाचा बाबा घड्याळ उघडून चटईवरच बसला. नवा, बटणाएवढा सेल पाकिटातून काढून बशीत ठेवला आणि जुना चिमट्याने उचलायला गेला, तर तो टुणकन कुठेतरी उडाला! शेजारी बाळ बसलेलं, गाल फुगवून, एकदम गप्प. आईच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने झडप घातली, बाळाच्या तोंडात बोट घालून सेल बाहेर काढला. "सापडला रे बाबा!" दोघंही हसतायत काय, रडतायत काय! मग बाबाने नव्या सेलसाठी हात नेला, तर बशी रिकामी. त्याने तोंडातून काढलेला तो सेल पुसला आणि घड्याळात बसवला. काटा टकटक पळायला लागला.

आई बाळाच्या पोटाकडे बघत म्हणाली, "अरे, मग जुना कुठाय?"