दंडावरची खूण

"दंडावर पट्टी लाव, नाहीतर कॅमेरे तुला पुसून टाकतील," कबड्डीच्या पंच घोरपडेबाई म्हणाल्या. रुक्साराच्या दंडावरची जन्मखूण बुटांच्या एका प्रसिद्ध कंपनीच्या बोधचिन्हासारखी होती. परवान्याशिवाय ते चिन्ह दिसलं, की यंत्रणा माणूसच झाकायची आणि कोर्टाची नोटीस आपोआप घरी जायची.

"खूण माझ्याबरोबर जन्मली. कंपनी परवाची आहे," म्हणत ती चढाईला गेली. घरोघरच्या पडद्यांवर एक राखाडी डाग तिघींना शिवून परतला.

मध्यंतरात तिच्या संघातल्या सगळ्यांनी काजळानं तीच खूण काढली. मग विरुद्ध संघाची कर्णधार आली आणि म्हणाली, "ते काजळ इकडे दे."

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा पडद्यावर चौदा डाग कबड्डी खेळत होते आणि पंधरावा शिट्टी वाजवत होता.