दुसरी जॉयस्टिक

टीव्हीवर खेळायचे व्हिडिओ गेम बनवणारी रोह्याची कंपनी बुडाली आणि मुंबईचे शेठ ती गिळायला टपले. जुने मालक काही सोडेनात. भांडण कोर्टात गेलं, गेटला सील लागलं. दोन पावसाळ्यांनी कोर्टाचे साहेब शेठ आणि मालक दोघांना घेऊन माल चालतो का ते पाहायला आले, तेव्हा वरसे गावात सगुणाला बोलावणं गेलं.

टेस्टिंगला ती आणि रिझवाना जोडीने बसायच्या. दोघींनी एकेका जॉयस्टिकने पडद्यावरच्या दोन गाड्या पळवायच्या आणि शेवटी आपटायच्या, की सेट पास. रिझवाना मात्र आपली हिरवी गाडी कधी आपटू द्यायची नाही. जेवणाची घंटा झाली की वाकून सरळ प्लग काढायची. म्हणायची, "आपल्या हातून कशाला गो कुणी मरायचं?" कंपनी जोरात चालू होती तेव्हाच ती काविळीने गेली.

सगुणाने धूळ पुसून सेट लावला. साहेबांना शेवट दिसावा म्हणून तिने आपली लाल गाडी ट्रकवर घातली. दुसरी जॉयस्टिक टेबलावर नुसती पडून होती. तरी हिरवी गाडी ट्रक चुकवत धावतच राहिली. आधी डावीकडे हूल, मग झपकन उजवीकडे. ही चाल सगुणाच्या ओळखीची होती.

"माल एक नंबर आहे," शेठ म्हणाले.

"उगाच नाही सोडत मी," मालक म्हणाले.

सगुणा वाकली आणि तिने प्लग काढला.

"घरी जा गो रिझवाना," ती पुटपुटली. "कंपनी बंद झाली. तुला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाय."