आमेन होईपर्यंत

पुष्पलताबाईंनी मंजूच्या मुलाचं, अश्विनचं नाव घेतलं आणि मंजूच्या छातीत धस्स झालं.

भरवेलीच्या खाण-कॉलनीतल्या तिच्या क्वार्टरात दुपारची प्रार्थना रंगात आली होती. या बुधवारची पाळी मंजूच्या घरची. सतरंजीवर चर्चच्या मंडळीतल्या बायका गोल बसलेल्या, एकमेकींचे हात धरलेले, डोळे मिटलेले. विषय होता, आजची तरुण मुलं. कोणाचा पोरगा मोबाईल सोडत नव्हता, कोणाची पोरगी घरात बोलेनाशी झाली होती. एकेकीचं लेकरू प्रभूपुढे ठेवलं जात होतं. हात एकदा धरले की आमेन होईपर्यंत सोडायचे नाहीत, ही त्यांची जुनी रीत.

"प्रभू," पुष्पलताबाई म्हणाल्या, "आमच्या अश्विनले त्या खदानीच्या पाण्यापासून दूर ठेव. जीव द्यायचा विचार त्याच्या मनातून काढून टाक."

"हौ प्रभू, हौ प्रभू," बाकीच्या म्हणाल्या.

आता पुष्पलताबाईंना बोल लावून काय उपयोग? त्यांना सांगितलं कोणी? मंजूनंच. नागपूरची नोकरी सोडून अश्विन घरी आला तो घुम्यासारखा झाला होता. मग एका संध्याकाळी आपणहून तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला की तो जुन्या खदानीपाशी गेलता, पाण्याकडे पाहत लय वेळ उभा होता, मग परत आला. "कोणाले सांगू नको, आई. बाबाले भी नाही." बाबाला तिनं खरंच सांगितलं नाही. पण एवढं ओझं एकटीच्या जिवाला पेलवेना, तेव्हा तिनं ते पुष्पलताबाईंच्या कानावर घातलं, फक्त प्रार्थनेसाठी. प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट चुगली होत नाही, असं या बायका धरूनच चालतात. मंजूही त्यातलीच.

पुष्पलताबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. बिचाऱ्या रडत होत्या.

मंजूनं डोळे उघडले. एवढ्या बायकांत तेवढे तिचेच उघडे. स्वयंपाकघराच्या दारात अश्विन उभा होता, हातात चहाचा ट्रे. चहा टाकायला तिनंच सांगितलं होतं. कितीतरी दिवसांनी तो हसून हौ म्हणाला होता, आलं किती टाकू म्हणून विचारलंही होतं.

रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. चुकून दुसऱ्याच घरात शिरलेला माणूस बघतो, तसा तो तिच्याकडे बघत होता.

मग त्यानं कप वाजू न देता ट्रे खाली ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेला.

मंजूनं हात ओढून पाहिला. आईचं काळीज भरून आलं असेल, असं समजून दोन्हीकडच्या बायकांनी तो आणखी घट्ट धरला. झटका देऊन उठता आलं असतं. हाक मारता आली असती. पण देवाच्या कामात मधूनच कसं उठायचं, आणि तेही ज्याच्यासाठी चाललंय त्याच्याच आईनं? होईलच आता आमेन, असं मनाला सांगत ती बसून राहिली. प्रार्थना लांबली. अश्विनच्या नोकरीसाठी झाली, चांगल्या संगतीसाठी झाली, त्याच्या लग्नासाठीसुद्धा झाली.

आमेन झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

ती अनवाणीच धावली. कोणी तरी मागून काय झालं म्हणून विचारत होतं, तिनं वळूनही पाहिलं नाही. कॉलनी संपली, झुडपं लागली, आणि जुन्या खदानीच्या अगदी कडेला तिला त्याची पाठ दिसली. तो बसला होता. चपला शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या.

ती जवळ जाऊन बसली. धाप लागलेली. खाली काळंहिरवं पाणी गप्प पडलं होतं.

"तू माह्याकडे पाहून राह्यलती," तो पाण्याकडे बघतच म्हणाला. "मले वाटलं, तू उठशील."

मंजू कशीबशी म्हणाली की तिचं चुकलं, उद्या बालाघाटला डॉक्टरकडे जाऊ, ती बरोबर राहील. तो उठला नाही. तिनं त्याच्या चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि त्याचं मनगट धरलं.

तिचे ओठ प्रार्थनेत आपोआप हलायला लागले, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं डोळेही मिटायला लागले. तिनं ते उघडेच ठेवले. उन्हानं झोंबत होते, पाणी येत होतं, तरी तिनं पापणी लवू दिली नाही.