बिनगाठीचा दोरा

माझा कॅन्सर बरा होणार नाही, आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. मी लेकीच्या शाळेच्या फ्रॉकला तीन दुमडी घालायचं ठरवलं. दरवर्षी एक उसवली की फ्रॉक लांबतो. “तूच उसवशील ना?” तिनं विचारलं. “मग काय, शेजारीण येणार?” शिवण्याआधी फ्रॉक पूर्ण लांबीचा दाराला टांगला, तर तीन वर्षांनंतरची लेक उभी होती, फक्त चेहरा नव्हता. भराभरा शिवून टाकला. सकाळी इस्त्री करताना नवऱ्याच्या हाती दोरा आला, ओढताच दुमड सुटू लागली. “अगं, गाठ मारायला विसरलीस.” वीस वर्षं शिवणकाम करणारी बाई गाठ विसरत नाही; पण सुई-कात्रीला घाबरणाऱ्या त्याला नुसता दोरा ओढणं जमलं असतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. टोकं धरून त्यानं तिन्ही दोऱ्यांना वाटाण्याएवढ्या गाठी मारल्या. “आता हे माझ्याच्यानं सुटायचं नाही.”