सागवानी आंदण

"वॉर्निश नको," जानरावनं सांगून टाकलं.

बंडू पेंटर चक्रावला. अमरावतीत सिनेमाच्या पाट्या रंगवणारा माणूस तो, साध्या लाकडावर सागवानाच्या रेषा काढण्यात पटाईत.

"काका, वॉर्निशबिगर नुसतं नख लागलं तरी पोपडा निघते. मंग मले बोलसान."

"टाइम नाई. अकोल्याचे पाव्हणे दुपारी येऊन राहिले."

एकसष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जानरावच्या लेकीचं, सिंधूचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरा बिजवर, पहिली बायको तापानं गेलेली. पण घर भरलेलं. आंदणात सागवानी कपाट द्यायचं कबूल झालं होतं. जानरावनं परतवाड्याहून बैलगाडीत कपाट आणलं, ते रंगाआधीचं पिवळं अस्तर फासूनच. सागवान काही जमलं नाही, आंब्याच्या फळ्या आहेत, असं त्यानं बायकोला सांगितलं. पार्वताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. व्याही भगवंतराव मुलखाचा चिकित्सक, आणि आंदण आधी पाहून घ्यायची तर रीतच.

बंडूनं ओल्या तपकिरी रंगावरून कंगवा ओढला, अंगठ्यानं एक गाठ उठवली, आणि काय सांगावं! डोळ्यांदेखत सागवान झालं. मागची बाजू करायला त्यानं कपाट सरकवून पाहिलं. ते जागचं हलेना.

"आंब्याचं इतकं जड?"

"ओलं लाकूड हाय," जानराव घाईनं म्हणाला. मग त्यानं कपाटाकडं पाहिलं आणि मटकन खालीच बसला. "लयच चांगलं केलं रे बाप्पा तू."

अकोल्याला जाऊन आल्यापासून त्याचं जेवणावरही लक्ष नव्हतं. कपाटाचाच घोर लागला असेल, असं पार्वताबाई समजून होती.

उन्हाच्या झळीनं दुपारपर्यंत रंग सुकला. भगवंतराव आले, चहा प्याले, कपाटावरून हळूच हात फिरवला.

"बढिया माल हाय, इवाई!" म्हणत ते उठले आणि पायात जोडे घालू लागले. पार्वताबाईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. सुटलो एकदाचे!

जानराव मात्र वाटेत आडवा आला. "नीट पाहून घ्या, इवाई," तो मध्येच बोलला. "मागून बोल नको."

पार्वताबाई नवऱ्याकडं पाहतच राहिली. याला काय वेड लागलं?

भगवंतराव थबकले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाटाच्या दारावर ओढली. भला मोठा पोपडा निघाला, खाली पिवळं अस्तर.

"सागवानाले कोनी रंग फासते काय?" भगवंतराव कडाडले. गल्ली गोळा झाली. "लबाड मानूस! असल्या घरची पोरगी आमाले नाई पायजे. मोडलं लगन!"

जानराव मान खाली घालून उभा राहिला. पाव्हणे गेले, तरी दारातली माणसं हलली नाहीत. कोणी छी थू केली, कोणी हसलं. पार्वताबाईनं दार लावलं आणि हंबरडा फोडला.

"वाटोळं केलं तुमी पोरीचं! गपचूप जात होते ते, तुमीच काहून टोकलं?"

जानरावनं खुरपं आणलं आणि अस्तर खरवडू लागला. अस्तराखालून सोनेरी लाकूड निघालं, त्याचा वास घरभर झाला. पार्वताबाईचं रडणं थांबलं. तिनं वाकून पाहिलं.

"हे तं खरंखुरं सागवान हाय! मंग रंग काहून देला?"

"आपन लगन मोडलं असतं तं लोकायनं सिंधूले नाव ठेवलं असतं. आता मले ठेवतीन." जानरावनं खुरपं खाली ठेवलं. "त्या नवरदेवाची पहिली बायको तापानं नाई मेली व. अकोल्यात तिची माय भेटली मले. न्हाऊ घालताना लेकीच्या गळ्यावर त्याच्या बोटायचे वळ पाहिले तिनं."