पाणी लागायला नको

“लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. प्लास्टिक काढून आणा,” म्हणत सरकारी कचेरीतल्या साहेबांनी माझं नर्सिंगचं प्रमाणपत्र खिडकीतून परत सरकवलं. मालदीवच्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र आलं होतं. पण या शिक्क्याशिवाय कामाचा व्हिसा मिळणार नव्हता.

घरी येऊन मी अण्णांवरच डाफरले. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला लॅमिनेशन करायला?”

“तुझ्या आईनं. प्रमाणपत्र आलं तसं देवापुढे ठेवलंन, कोपऱ्यात कुंकू लावलंन, आणि मला तडक दुकानात पिटाळलंन. म्हणाली, पोरीचा कागद आहे, पाणी लागायला नको.”

कुंकवाचं ते बोट अजून कोपऱ्यात होतं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. आता तो डाग बघून साहेब कागदच नाकारतील, ही मला धास्ती.

अण्णांनी कागदावर पंचा अंथरला आणि इस्त्री हलकेच फिरवली. मी जीव मुठीत धरून प्लास्टिक सोलत गेले. प्रमाणपत्र धड निघालं. कोपरा मात्र कोरा होता. कुंकू प्लास्टिकला चिकटून आलं होतं. उजेडात धरलं, तर त्यात आईच्या बोटाच्या रेषा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्का बसला. “आता पुन्हा लॅमिनेशन करू नका,” साहेबांनी बजावलं. अण्णांनी मान डोलावली.

परतताना त्यांनी त्याच जुन्या दुकानापाशी रिक्षा थांबवली. खिशातून प्लास्टिकचा तेवढा कोपरा काढला आणि दुकानदारापुढे धरला.

“एवढं लॅमिनेशन करून द्या. पोरगी समुद्रापलीकडे चाललीय. पाणी लागायला नको.”